पायांविषयी विचारलेस म्हणून

प्रिय मेगो,

मी ऐग्लानोर, बाप फिलोन, आई क्रातुरो, राहणार थिनाया, वय चौपन्न, या गावाचा वजनमापांचा अधिकारी, हे पत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. तुझ्या पत्राला उत्तर देणे हा त्याचा हेतू. तू म्हणशील, बायकोला कोणी आपल्या आईचे नाव कळवतो का? त्या क्रातुरोच्या नजरेखाली तू सहा वर्षे जाते ओढलेस. असू दे. नोंद पुरी असावी ही माझी जुनी खोड आहे आणि आज ती मोडण्याचा माझा विचार नाही.

तुझे पत्र परवा अंजिरांच्या होडीतून आले. अक्षर तुझे आहे हे गुंडाळी पुरती उलगडण्याआधीच कळले. बैल बांधाला पोहोचून वळतात तशी तुझी प्रत्येक ओळ कडेला जाऊन वळते आणि उलटी परत येते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मेणाच्या पाटीवर मी तुला लिहायला शिकवले, तेव्हा किती वेळा सांगितले की ओळ संपली की हात उचलावा आणि पुन्हा डावीकडून आरंभ करावा. तू म्हणायचीस, "एवढं चालत मागं कशाला जायचं? पोचलोय तिथूनच वळावं की." या गावात असे लिहिणारे दुसरे कोणी नाही. हे लक्षात ठेव. पुढे लागेल.

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. लिसानिस जेवतो का. थंडीत अंगावर घेतो का. आणि त्याचे पाय कसे आहेत.

पहिले दोन प्रश्न कोणतीही आई विचारेल. तिसरा मी धक्क्यावर उभ्याउभ्या इतक्या वेळा वाचला की होडीवाला म्हणाला, "काका, वाईट बातमी का?" मी म्हणालो, "बातमी नाही. चौकशी आहे." मेगो, वीस वर्षांच्या धडधाकट मुलाच्या पायांची चौकशी कोणती आई करते? मी सांगतो. जिला त्या पायांविषयी इतरांपेक्षा काही जास्त ठाऊक आहे ती.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे देईन, क्रमाने देईन. परंतु मधे जे घडले ते सांगितल्याशिवाय तिसऱ्याचे उत्तर तुला कळणार नाही. इतरांकडून तुकड्यांनी आणि वाकडे ऐकण्यापेक्षा माझ्याकडून सरळ ऐक. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो.

तुम्हा बायकांची जहाजे किरेनेकडे गेली, त्यानंतर चौथ्या महिन्यात वेढा देऊन बसलेल्या नासामोन टोळ्यांनी झऱ्याची वाट अडवली. टाक्यांतले पाणी माणशी दोन वाट्यांवर आले. तेव्हा सेनापती कार्नेदासने ठरवले की दक्षिण वेशीतून बाहेर पडायचे आणि झरा परत घ्यायचा. लिसानिस पहिल्या फळीत होता. त्याच्या डाव्या हाताला तेल गाळणाऱ्यांच्या घरचा हेर्मोन, ज्याच्या लग्नासाठी तू चादर विणायला घेतली होतीस तोच. मी तटावर होतो. यज्ञाचा बोकड कापला, चिन्हे चांगली आली, बासरी वाजली, वेस उघडली.

लिसानिस उंबरठ्यापर्यंत आला आणि थांबला.

तो धडपडला नाही, मागे वळला नाही, त्याने ढाल टाकली नाही. तो थांबला. मागच्याने त्याच्या पाठीत ढालीचा दणका दिला, तरी हद्दीच्या दगडासारखा जागच्या जागी. हेर्मोन पुढे गेला, कारण फळी पुढे जाते. आपल्या माणसाची ढाल अर्धी त्याची स्वतःची आणि अर्धी त्याच्या डावीकडच्याची. लिसानिस नाही म्हणजे हेर्मोनची उजवी कूस उघडी. दहाव्या पावलाला त्याच्या काखेत भाला शिरला. त्या खिंडारातून फळी फाटली, माणसे मागे आली. वेस लावायची तर उंबरठा मोकळा हवा, म्हणून दोघांनी लिसानिसला काखेत धरून आत ओढले. त्याच्या टाचांचे दोन चर मातीत उमटले होते.

मी त्याचा चेहरा पाहिला. भीतीने गोठलेली माणसे मी पाहिली आहेत. ती शत्रूकडे बघतात, नाहीतर मागे बघतात. लिसानिस खाली, आपल्याच पायांकडे बघत होता, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. हे मी त्याच वेळी टिपले. आणि माप वाकडे दिसूनही माल पास करणाऱ्या लबाडासारखे डोळ्यांआड केले, कारण मला राग आला होता आणि रागाला पुराव्याची गरज नव्हती.

पुढचे तुला ठाऊक असलेल्या रीतीनेच झाले. चौकात बसवून त्याची अर्धी दाढी भादरली. विस्तवाला गेला तर कोणी निखारा देईना. कसरतीच्या मैदानात त्याला जोडीदार मिळेना. तुझ्या बहिणीचा नवरा, जो आयुष्यात कधी पहिल्या फळीत उभा राहिला नाही, तो भर बाजारात ओरडला, "काय रे लिसानिस, उंबरठा राखतोस होय? अरे, दारचं कुत्रं निदान भुंकतं तरी!" लोक हसले. भाकऱ्या भाजायला मागे राहिलेल्या बायकांत हेर्मोनची आई आहे. ती आली, हेर्मोनची ढाल आमच्या दाराला पालथी टेकवून निघून गेली. मी ती आत घेतली नाही, परतही केली नाही. येता-जाता तिला ओलांडत होतो.

आता तुझा पहिला प्रश्न. जेवत होता. कोठे, ते सांगतो. त्या संध्याकाळी मी त्याचे सातूच्या पिठल्याचे वाडगे उचलले आणि दाराच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवले. म्हणालो, "उंबरठा आवडतो ना तुला? मग तिथंच जेव." तो गेला आणि तेथे बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, पाय उचललेच नाहीत. मी सांगत होतो त्यांना." मी म्हणालो, "पायांना सांगायचं नसतं. त्यांना न्यायचं असतं." हे वाक्य तेव्हा मला फार नेमके वाटले होते. सोळा दिवस तो तेथेच जेवला. वाडगे मीच ठेवत होतो, रोज त्याच जागी, बोटभरही इकडेतिकडे नाही.

दुसरा प्रश्न. अंगावर घेत होता. आपली लोकरी घोंगडी नव्हे. कार्नेदासने त्याला फळीतून काढून पश्चिम बुरुजावर गोफणवाल्यांत घातले, तेव्हा जेवण तेवढे घरी करून तो तिकडेच झोपू लागला आणि म्हाताऱ्या अलदेरने त्याला बकऱ्याचे कातडे दिले. अलदेर तुला आठवत असेल. लिबियन आईचा, वाकडी मान, शिसे ओतण्यात हात धरणारा कोणी नाही. तो मला म्हणाला, "मालक, पोरगं झकास आहे हो तुमचं. गोफणीला पाय रोवावेच लागतात. ह्याचे तर देवानंच रोवून दिलेत!" आणि आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. ते लोक गोफणीच्या शिशाच्या गोळ्यांवर मजकूर कोरतात. कोणी 'घे' कोरतो, कोणी 'खाऊ आणलाय'. लिसानिसने कोरले, 'मला चालवत नाही, तूच ये'. बुरूजभर हशा पिकला. मी खाली जिन्यावर होतो. सोळा दिवसांत माझ्या मुलाचे हसू मी तेथे प्रथम ऐकले आणि मला लाज वाटली. हसण्याची नव्हे. चार पिढ्यांची ढाल भिंतीवर असलेल्या घरातला मुलगा गोफण्यांत रमतो याची.

म्हणून कार्नेदास जेव्हा दारी आला आणि म्हणाला, "ऐग्लानोर, दुसरा हल्ला ठरलाय. पोराला डाग धुवायचा असेल तर पहिल्या फळीत जागा देतो. पण पुन्हा थांबला, तर वेशीबाहेर सोडून आम्ही वेस लावणार. नाहीतर राहू दे गोफण्यांत, अर्ध्या दाढीनं, ना सभेत मत, ना लग्न. तू बाप आहेस, तू सांग," तेव्हा मी एका श्वासात शब्द दिला. लिसानिसला विचारले नाही. बुरुजावर निरोप पाठवला.

आता शिशाकडे येतो, आणि तुझ्याकडे.

गोळ्यांचे शिसे संपले. जाळ्यांची वजने गेली, होड्यांच्या नांगरांचे आडदांडे गेले, देवळाच्या दगडांतल्या पकडी गेल्या. शेवटी सभेने तो ठराव केला ज्याच्याविषयी सगळ्यांना ठाऊक होते आणि बोलत कोणी नव्हते: दोन तटांमधली जुनी स्मशानभूमी उकरायची. मृतांचे दागिने नकोत, हाडे नकोत. फक्त थडग्यांत जिवंतांनी खुपसलेले शिशाचे पत्रे, ज्यांवर खालच्या देवांना कोणाला तरी बांधायला सांगितलेले असते. उकरण्यावर देखरेख माझी. मेगो, त्या सकाळी सगळे गाव तेथे गोळा झाले होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या कोपऱ्याकडे बघत स्वतःच्या कोपऱ्याकडे बघायचे टाळत होता. पत्रे निघाले तरी किती! गुंडाळलेले, घडी घातलेले, खिळा आरपार ठोकलेले. या गावात तीन भट्टीवाले आहेत आणि तिघांनी एकमेकांचे हात बांधून ठेवलेले असणार. सभेतल्या निम्म्या जिभा उरलेल्या निम्म्यांनी खाली पाठवलेल्या असणार. पुजारी घाम पुसत म्हणाला, "उघडू नका बरं का कुणी! घडीसकट मुशीत टाका!" तेव्हा गर्दीतून एक जण म्हणाला, "पुजारीबुवा, तुमचा कुठला तेवढा दाखवा, आधी तोच टाकू." प्रत्येक जण मुशीत पत्रा पडला की हलकेच श्वास सोडत होता.

मीही उघडणार नव्हतो. पण शिसे तोलायचे तर लोखंड बाजूला काढावे लागते. कुंभाराच्या फिलाच्या थडग्यातून निघालेल्या पत्र्याचा खिळा मी ओढला आणि ती घडी तळहातावर आपोआप उघडली. ओळ कडेला जाऊन वळली होती आणि उलटी परत आली होती.

मी तो मजकूर येथे उतरवतो. तुला पाठ असेल. तरी तुला तो माझ्या अक्षरात वाचावा लागावा अशी माझी इच्छा आहे.

"फिला, तू सोळा वर्षांची, लग्नावाचून गेलीस, तुझी वाट अजून मोकळी आहे. हे खाली पोहोचव. मेगोच्या पोटी जन्मलेल्या लिसानिसचे पाय बांध. घोटे बांध, टाचा बांध, पावले बांध. हे शिसे जसे थंड आणि जड, तसे त्याचे पाय वेशीपाशी थंड आणि जड होवोत. त्याने वेशीबाहेर जाऊ नये."

जहाज सुटायच्या आदल्या दिवशी तू फिलाच्या थडग्यावर दूध ओतायला गेली होतीस. मी म्हटले होते, बायकोचे मन मोठे आहे, परक्याच्या मुलीचीही आठवण ठेवते.

माझा पहिला राग, आता हसू येते, तो माझ्या नावाचा होता. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव नाही! अलदेरने समजावले, "मालक, खाली बाप चालत नाही. बाप कोण, ते देवांना काय ठाऊक? आई पक्की असते. आईचं नाव घातलं की माणूस बरोबर सापडतो." दुसरा राग मसुद्याचा. माझ्या घरात इतकी वर्षे राहून तू मुदत घातली नाहीस! वेढा उठेपर्यंत, पेरणी होईपर्यंत, तू परत येईपर्यंत, काहीतरी. मी साध्या तराजूवर शिक्का मारतो तर तारीख घालतो. तू मुलाचे पाय कायमचे बांधलेस. आणि 'वेशीपाशी' लिहिलेस! घरात बांधायचे होतेस. अंथरुणाला बांधायचे होतेस, तापाला बांधायचे होतेस. तुला वाटले वेस म्हणजे सीमा, तिच्या आत तो सुखरूप. सगळ्या गावासमोर, शेजाऱ्याची कूस उघडी टाकून, नेमका त्या एका दगडावर तो उभा राहील, हे तुझ्या मनातही आले नाही. खालचे देव माझ्यासारखेच आहेत, मेगो. लिहिले असेल तेवढेच करतात.

हेर्मोन तुझ्या एका शब्दाने मेला. हे मी लिहितो आहे आणि खोडणार नाही.

हल्ल्याला तीन दिवस होते. मी पत्रा कमरेला खोचून कार्नेदासकडे गेलो आणि आडून विचारले की एखाद्याचे पाय कोणी बांधले होते असे निघाले तर? तो म्हणाला, "पुरावा आण, पोरगं त्या क्षणी सुटलं. पण बांधलं कुणी, तेही सांगावं लागेल. वेढ्यात आपल्या माणसाचे पाय बांधणारा तो शत्रूच. बाई असो की बुवा, परत या गावात पाऊल नाही, आणि सापडला तर दगडांनी." मग थांबून म्हणाला, "का रे? काही सापडलंय?" मी म्हणालो, "नाही. हिशेबासाठी विचारलं." आयुष्यात पहिल्यांदा मी खोटे माप दिले.

तेथून अलदेरकडे. विचारले, खिळा निघाला म्हणजे सुटला का? त्याने मान आणखी वाकडी केली. "खिळ्यानं काय होतंय? पत्र्याचं पाणी व्हायला हवं. अक्षर गेलं की बंध गेला. तोवर फिला बसलीय धरून."

म्हणजे असे. पत्रा ठेवला तर पुरावा राहतो, पण पाय बांधलेले राहतात आणि तू जातेस. पत्रा वितळवला तर पाय सुटतात, पण तो भित्रा नव्हता हे जगाला कधीच कळत नाही. मी दोन्ही पारडी बराच वेळ तोलली. आणि मी तराजूचा माणूस आहे म्हणून हेही लिहितो की तिसरा मार्ग होता. कार्नेदासला दिलेला शब्द मागे घेता आला असता. लिसानिस बुरुजावर राहिला असता, अर्ध्या दाढीने, अलदेरच्या कातड्यात, गोळ्यांवर चावटपणा कोरत. वेस त्याला पुन्हा दिसलीच नसती. तुझा बंध त्याला तेथे काही करणार नव्हता. त्यासाठी मला फक्त चौकातून खाली मान घालून जावे लागले असते.

मी पत्रा मुशीत टाकला. तुझ्यासाठी टाकला असे समजू नकोस. तुला वाचवण्याचा विचार माझ्या मनात होता, पण तो दुसरा होता. पहिला हा होता की माझा मुलगा धावताना मला बघायचा होता.

एकच गोळी झाली. एका गोळीला लागते तेवढेच शिसे, ना कमी ना जास्त. मी ती बुरुजावर नेऊन लिसानिसच्या हातात दिली. अजून कोमट होती. त्याने उलटसुलट केली. "कोरी आहे. काही लिहू का?" मी म्हणालो, "नको." "फेकू का ठेवू, बाबा?" मी म्हणालो, "ठेव." मग तो जिन्यावरून उतरला, दोन पायऱ्या सोडून, लहानपणी उतरायचा तसा, आणि स्वतःच चकित होऊन त्याने माझ्याकडे वळून बघितले. मी त्याला काहीही सांगितले नाही. सांगितले असते तर तुझे नाव सांगावे लागले असते. त्या संध्याकाळी मी त्याचे वाडगे आत, माझ्या शेजारी ठेवले. तो दोन वेळा मागून जेवला आणि सिल्फिऑनचा देठ चावत म्हणाला, "आईनं केलेल्या पिठल्याला असा धूर लागत नाही." पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात हे जोड.

हल्ल्याच्या सकाळी त्याला ढाल नव्हती; फळीतून काढताना सभेने घेतली होती. भिंतीवरची मी काढू लागलो तोच हेर्मोनची आई दारात आली. पालथी ढाल तिने उचलली, सुलटी केली आणि लिसानिसच्या हातात घातली. "घे," म्हणाली, "माझा एकटा गेला. तू एकटा जाऊ नकोस."

वेस उघडली. मी तटावर त्याच जागी उभा होतो. लिसानिस उंबरठ्यापाशी आला, त्याने क्षणभर खाली बघितले आणि उंबरठा ओलांडला. आणि मग मेगो, तो धावला. तुझ्या मुलाचे पाय असे धावू शकतात हे मला ठाऊक नव्हते, तुलाही नसेल. एकोणीस दिवस बांधून ठेवलेले जनावर दावे तुटल्यावर धावते तसा. फळीला दहा पावले मागे टाकून, वीस पावले मागे टाकून. कार्नेदास ओरडत होता, "फळीत ये! फळीत ये रे!" पण फळीतली चाल शिकलेले पाय ते नव्हतेच; ते नुकते सुटलेले पाय होते. त्याच्या उजवीकडे कोणी नव्हते. त्याची कूस झाकायला तेथे कोणाची ढाल पोहोचत नव्हती. तरी झऱ्यावर पहिला तोच पोहोचला, आणि त्याला बघून बाकीचे जसे धावले तसे थिनायाचे लोक कधी धावले नसतील. दुपारपर्यंत झरा आपला होता. सहाव्या दिवशी नासामोनांनी तंबू उचलले. म्हणून तर होड्या आल्या. म्हणून तुझे पत्र आले.

आता तिसरा प्रश्न.

त्याला हेर्मोनच्या ढालीवर घालून आणले. बायका पुढे झाल्या. मी त्यांना हात लावू दिला नाही. मीच धुतले. पाय शेवटी धुतले. डाव्या टाचेला जुने खरचटले होते, ओढून आत आणले त्या दिवसाचे, त्यावरची खपली सुटत आली होती. उजव्या अंगठ्याचे नख फुटले होते. बाकी दोन्ही पाय शाबूत होते, आखडलेले नव्हते, आणि मी ते बराच वेळ हातात धरून बसलो तरी इतर अंगापेक्षा अधिक थंड नव्हते. ही माझी खात्री आहे. तू विचारलेस म्हणून सांगितले.

कार्नेदास आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ऐग्लानोर, डाग धुतला गेला. झऱ्याच्या दगडावर नाव कोरतोय आम्ही." माझ्या हातात पाण्याचे भांडे होते. मी ते त्याच्या अंगावर फेकले. सेनापतीच्या अंगावर, सगळ्यांसमोर. त्यांनी शहिदाचा बाप म्हणून माफ केले. मी त्यांना माफ केलेले नाही. त्याची दाढी भादरणाऱ्यांना नाही, हसणाऱ्यांना नाही, दगडावर नाव कोरणाऱ्यांना नाही. तुला नाही. खाली बसून अक्षर अन् अक्षर पाळणाऱ्या देवांना तर मुळीच नाही. आणि या सगळ्या यादीत एकच माणूस असा आहे ज्याने पत्रा वाचला होता, ज्याला तिसरा मार्ग दिसत होता आणि ज्याने तरी मुशीखाली फुंकर घातली.

त्याच्या कमरपट्ट्याच्या घडीत ती गोळी मिळाली. त्याने फेकली नव्हती. मी ठेव म्हणालो होतो ना. ती या पत्रासोबत पाठवत आहे. होडीवाल्याला आत काय आहे ते सांगितलेले नाही. तिला दगडावर ठेवून सपाट ठोक, शिसे मऊ आहे, तुझ्या हातालाही वाकेल. पूर्वी होता तेवढाच पत्रा होईल. त्यावर तुझ्या त्या वळणाऱ्या ओळींत माझे नाव लिही. म्हणूनच मी ते आरंभी आईच्या नावासकट पुरे दिले आहे, खाली सापडायला अडचण पडू नये. क्रातुरोच्या पोटी जन्मलेल्या ऐग्लानोरची जीभ बांध, जिने मुलाला उंबरठा दाखवला. त्याचे हात बांध, ज्यांनी वाडगे तेथे ठेवले आणि विस्तव फुंकला. पण असा पत्रा पोहोचवणारा लग्नावाचून गेलेला लागतो, आणि तो थडग्यात ज्याने लिहिला त्याने स्वतःच्या हाताने ठेवावा लागतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. लिसानिस फिलाच्या शेजारी आहे. माती अजून ओली आहे, उकरायला जड जाणार नाही. म्हणजे मेगो, त्यासाठी तुला यावे लागेल. तिकडून पुढची होडी अष्टमीला निघते. ये आणि ठेव. या वेळीही मुदत घालू नकोस.

तुझाच,
ऐग्लानोर

थिनाया, दक्षिण वेशीजवळील घर
अपोलोचा पुजारी पोलिम्नास्तोस याच्या वर्षी, कार्नेइओस महिन्याचा तिसरा दिवस